अमेरिकेतल्या मराठी वकिलांना आणि फ्रेंच शिकलेल्या मंडळींना खुलं पत्र: हैतीच्या माणसांची एक तरी फाईल घ्या

नमस्कार मंडळी,

2024 च्या जानेवारीत माझे आईबाबा नाशिकहून आले तेव्हा मी त्यांना घ्यायला बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टला गेले होते, टर्मिनल ई, फ्लाईट दोन तास लेट. तिथे भिंतीला लागून ओळीनं माणसं झोपलेली होती, बाया, तान्ही पोरं, म्हातारी माणसं, कोणाच्या अंगावर जॅकेट, कोणाच्या अंगावर एअरपोर्टवाल्यांनी दिलेलं ब्लँकेट. आई ट्रॉली ढकलत बाहेर आली आणि मला मिठी मारायच्या आधी तिनं विचारलं, यांची फ्लाईट चुकली का गं? मी म्हटलं नाही आई, हे हैतीचे लोक आहेत, यांना राहायला जागा नाहीये, सरकारी शेल्टरं भरलीयेत. आईनं पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि एका बाईच्या हातात दिला, आणि मला म्हणाली तुला फ्रेंच येतं ना, विचार तिला काय हवंय. मी फ्रेंचमध्ये विचारलं. बाई हसली, मान हलवली, आणि जे बोलली ते मला कळलंच नाही, कारण ती क्रेओल, म्हणजे हैतीतली रोजची बोली, बोलत होती.

त्या जुलैपासून राज्य सरकारनं एअरपोर्टवर रात्री झोपायला बंदी केली आणि ती माणसं दिसायची बंद झाली. त्यांच्या केसेस मात्र कुठे जात नाहीत. त्या कोर्टात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे वकील नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम मराठीत, कारण ज्यांना हे वाचायला लावायचंय ती माणसं इथे एडिसनला, बे एरियात, शिकागोला, डॅलसला आहेत आणि मंडळाच्या गणपतीत मला दर वर्षी भेटतात.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी वकील नाही. बारावीत स्कोरिंग म्हणून फ्रेंच घेतलं, मग आवड लागली, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमधून पुढचे कोर्स केले, लग्न करून इकडे आले, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, कामाला परवानगी नव्हती म्हणून दर शनिवारी एका लीगल क्लिनिकमध्ये फुकट कागद ट्रान्सलेट करायला लागले आणि अजून तेच करतेय, मधल्या काळात कामचलाऊ क्रेओलही शिकले. तेव्हा कायद्याचं जे काही खाली लिहिलंय ते मी फाईलींवर बसून, वकिलांच्या शेजारी बसून शिकलेलं आहे. वकील मंडळींनी ते तपासून घ्यावंच. पण आधी वाचा.

बऱ्याच जणांना अजून माहीत नाही की अमेरिकेत चोरीच्या केसमध्ये पकडलेल्या गरीब माणसाला सरकार वकील देतं, पण इमिग्रेशन कोर्टात देत नाही. तुम्हाला वकील ठेवायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चानं नाही, असं कायद्यातच लिहिलंय. समोर सरकारचा वकील असतो, खुर्चीवर जज असतो, आणि इकडे एक बाई एकटी, कानाला इंटरप्रिटरचा हेडफोन लावून. 2007 ते 2012 मधल्या बारा लाखांवर केसेसचा एक अभ्यास 2015 मध्ये आला होता, त्यात फक्त 37 टक्के लोकांकडे वकील होता आणि जे डिटेन्शनमध्ये, म्हणजे कोठडीत, होते त्यांच्यात फक्त 14 टक्के. ज्यांच्याकडे होता त्यांचे निकाल कितीतरी पटीनं बरे लागले. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. असायलमचा, म्हणजे आश्रय मागायचा, बारा पानांचा आय-589 फॉर्म एकदा उघडून बघा, आपण एच-वनवाले, कंपनीचे वकील असलेले, आपल्यालासुद्धा घाम फुटेल.

आता मार्तिसाँच्या ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, बाकी ओळख पटेल असं काही सांगणार नाही. मार्तिसाँ म्हणजे पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या दक्षिण टोकाची वस्ती, तिथून देशाच्या दक्षिणेकडे जाणारा मुख्य रस्ता जातो. 2021 च्या जूनच्या सुरुवातीला तिथे गँगची मारामारी पेटली आणि हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. ताई त्यातल्याच. त्यांचं घर जळलं 3 जूनला. इथे आल्यावर त्यांनी कोणाकोणाच्या सांगण्यावरून एका एजंटला, म्हणजे वकील नसलेल्या, नोटरी म्हणवून फॉर्म भरणाऱ्या माणसाला, पैसे दिले (हैतीत नोटरी म्हणजे मोठा कायद्याचा माणूस, इथल्या नोटरीला फक्त शिक्का मारायचा अधिकार, हे त्यांना कोण सांगणार). ताईंनी कागदावर लिहून दिलं होतं 03/06/2021. इथे महिना आधी लिहितात, म्हणून एजंटनं फॉर्मवर ते 6 मार्च केलं. आपण पण दिवस आधी लिहितो की नाही, मला ते बघताक्षणी कळलं, पण कोर्टात काय झालं असतं विचार करा. ताई तोंडानं सांगणार जून, फॉर्म म्हणणार मार्च, सरकारी वकील उभा राहून म्हणणार की बाईंची गोष्ट जुळत नाही, आणि जजला एवढ्या एका विसंगतीवरून साक्ष अविश्वसनीय ठरवायची मुभा 2005 च्या रिअल आयडी कायद्यानं दिलेली आहे, ती चूक मूळ मुद्द्याला धरून नसली तरीही. अख्खं आयुष्य एका तारखेच्या उलटसुलटीवर लटकलेलं. आमच्या क्लिनिकच्या वकिलांनी ती तारीख दुरुस्त केली, सोबत जून 2021 च्या पेपरांची कात्रणं लावली, माझं ट्रान्सलेशन लावलं. एका माणसाचं दोनेक तासांचं काम. पण ते दोन तास देणारा माणूस मिळायला ताईंना पाच महिने लागले होते.

आणि आता फॉर्म नीट भरण्याला आधीपेक्षा जास्त महत्त्व आलंय. एप्रिल 2025 मध्ये इमिग्रेशन कोर्टांच्या ऑफिसनं जजेसना मेमो काढला की ज्या अर्जात कायद्याला लागतं तेवढं दिसत नाही तो पूर्ण सुनावणी न घेताही निकाली काढता येईल. म्हणजे पूर्वी निदान बाई उभी राहून आपली गोष्ट तरी सांगायची, आता कच्चा भरलेला फॉर्म दारातच अडू शकतो. जुलै 2025 च्या नव्या कायद्यानं अर्जाला 100 डॉलर फी लावली, अर्ज जितकी वर्षं पडून राहील तितकी दर वर्षी अजून 100, आणि पहिल्या वर्क परमिटला 550. ज्या माणसाला अजून कामच करायची परवानगी नाही त्यानं हे कुठून आणायचे!

पण मला जास्त सांगायचंय ते केसच्या आतल्या गाठीबद्दल, कारण तिथे तुमचं डोकं लागणार आहे.

हैतीत काय चाललंय हे सगळ्यांना वरवर माहितीये. 7 जुलै 2021 ला प्रेसिडेंट जोव्हनेल मोईझ यांना त्यांच्या घरात मारलं, त्यानंतर निवडून आलेला प्रेसिडेंट नाही, 2024 च्या फेब्रुवारीच्या शेवटी गँगा एकत्र आल्या, तुरुंग फोडले, पंतप्रधानांना परत देशात येता आलं नाही आणि राजीनामा द्यावा लागला. त्या एका वर्षात 5,600 च्या वर माणसं मारली गेली असं युनायटेड नेशन्सनं मोजलं. 2025 च्या मध्यापर्यंत जवळपास 13 लाख लोक घर सोडून देशातल्या देशात पळत होते, एक कोटीच्या थोड्या वर लोकसंख्येच्या देशात. नोव्हेंबर 2024 मध्ये विमानांवर गोळ्या लागल्या म्हणून अमेरिकेनं स्वतःच्या विमानांना पोर्ट-ऑ-प्रिन्सला जायला बंदी केली.

एवढं सगळं असून असायलम मिळत नाही! का, तर "माझ्या देशात गँग आहे, मला जिवाची भीती आहे" हे कायद्याला पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटात असणं, या पाचपैकी एका कारणामुळे तुझ्यावर अत्याचार झाला हे दाखवावं लागतं, आणि ते कारण मुख्य कारणांपैकी एक असावं लागतं. कोणी मारलं, आणि का मारलं.

इथे भाषेचा एक प्रकार सांगते, जो मला मराठी असल्यामुळे लवकर दिसला. क्रेओलमध्ये लोक म्हणतात "यो तुये ली". शब्दशः "त्यांनी त्याला मारून टाकलं", पण तो "त्यांनी" बऱ्याचदा कोणीच विशिष्ट नसतो, आपण "भावाला मारलं" म्हणतो तसंच ते, कोणी मारलं ते वाक्यात नसतंच. आता हे इंग्लिशमध्ये "दे" (they) झालं की जज विचारतो, दे म्हणजे कोण? आणि बाई गोंधळते, कारण तिच्या मनात तिनं कोणाचं नावच घेतलेलं नसतं. मग उत्तर येतं माहीत नाही. आणि कायद्याला तर नेमकं तेच हवंय, कोण आणि का. जो वकील आधी दोन-तीन वेळा शांतपणे बसून विचारेल की ताई, ते कोण होते, कोणत्या बाझचे, म्हणजे कोणत्या अड्ड्याचे, त्या अड्ड्याला पैसे कोण पुरवतं, तुमचा नवरा कोणत्या मोर्चाला गेला होता, त्याच्या फायलीत उत्तर सापडतं. मार्तिसाँच्या ताईंच्या नवऱ्यानं वस्तीत इलेक्शनच्या वेळी एका पक्षाचं काम केलं होतं. ही गोष्ट एजंटच्या फॉर्ममध्ये नव्हतीच, त्यानं विचारलंच नव्हतं. तिसऱ्या भेटीत, कॉफी पिताना, सहज बोलता बोलता निघाली.

आणि हे सिद्ध करायचं साहित्य पडलेलं आहे हो, ढिगानं पडलंय. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये ला सालीन वस्तीत कत्तल झाली, त्यावरून डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरी खात्यानं जिमी शेरिझिए या माजी पोलिसावर, ज्याला बार्बेक्यू म्हणतात, आणि त्याच्यासोबत मोईझ यांच्या सरकारमधल्या दोन अधिकाऱ्यांवर निर्बंध लावले. म्हणजे गँग आणि राजकारण एकमेकांत मिसळलंय हे अमेरिकेच्या सरकारनं स्वतः लिहून ठेवलंय. तो कागद फाईलला लावायचा. हैतीतली आरएनडीडीएच ही मानवी हक्क संस्था कत्तलींचे वस्तीनिहाय रिपोर्ट काढते, फ्रेंचमध्ये. युनायटेड नेशन्सचं हैतीतलं ऑफिस दर तीन महिन्यांनी आकडे देतं. कॅनडाच्या रेफ्युजी बोर्डाची उत्तरं फुकट वाचायला मिळतात, त्यात अगदी बारीक प्रश्न असतात. यूएनएचसीआरनं, म्हणजे युनायटेड नेशन्सच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं, मार्च 2024 मध्ये हैतीतून पळणाऱ्यांना संरक्षण देताना काय बघावं यावर खास मार्गदर्शन काढलं, ते तर प्रत्येक फायलीत असावं. बॉस्टनची इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस अँड डेमोक्रसी इन हैती आणि तिची पोर्ट-ऑ-प्रिन्समधली जोडीदार बीएआय, दोघी वर्षानुवर्षं हेच काम करतायत. सॅन फ्रान्सिस्कोचं सेंटर फॉर जेंडर अँड रेफ्युजी स्टडीज हे असायलमच्या वकिलांना सल्ला देतं, एक्स्पर्टची प्रतिज्ञापत्रं, नमुन्याचे ब्रीफ म्हणजे लेखी युक्तिवाद देतं. पूर्वी लोक स्टेट डिपार्टमेंटच्या वार्षिक रिपोर्टवर भिस्त ठेवायचे, पण ऑगस्ट 2025 ला आलेले रिपोर्ट आधीपेक्षा फारच आखूड आहेत, त्यामुळे आता बाकीचे कागद जमवणं जास्तच गरजेचं झालंय.

सगळं आहे. पण ते आपोआप फाईलमध्ये जाऊन बसत नाही. तीनशे पानांच्या रिपोर्टातलं नेमकं पान शोधून त्यावर खूण करून ताईंच्या वस्तीशी आणि तारखेशी जोडणारा माणूस लागतो. मी मराठी माणसांना या कामासाठी हाक मारतेय कारण आपल्याला हे जमतं, आपण रात्र रात्र बसून यूपीएससीच्या आणि बारच्या परीक्षा दिलेली माणसं आहोत.

काही ठिकाणी सावध राहावं लागतं, तेही सांगते, म्हणजे कोणी घाईनं फाईल भरणार नाही. 2 मे 2025 ला विव्ह आन्साम आणि ग्रान ग्रिफ या गँगांना अमेरिकेनं परदेशी दहशतवादी संघटना जाहीर केलं. ऐकायला चांगलं वाटतं, आणि गँग किती भयानक आहे हे दाखवायला उपयोगी पण आहे. पण याची दुसरी बाजू आहे. दहशतवादी संघटनेला मटेरियल सपोर्ट, म्हणजे पैसे, सामान किंवा कामाची मदत, देणाऱ्याला असायलम बंद, आणि बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सनं जुन्या केसेसमध्ये म्हटलंय की जबरदस्तीनं दिला तरी तो सपोर्टच, एल साल्व्हाडोरच्या एका बाईला गनिमांनी पकडून स्वयंपाक आणि धुणं करायला लावलं होतं, ते सुद्धा 2018 मध्ये सपोर्ट धरलं. आता पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये रस्त्यावर टोल दिल्याशिवाय कोणाला भाजी विकता येते? पोराला सोडवायला खंडणी कोण देत नाही? सरकारी वकील हा मुद्दा काढू शकतो हे धरूनच चालायला हवं, आणि सोबत टॉर्चरविरोधी कराराखालचा दावा लावायलाच हवा, कारण त्यातलं काही संरक्षण या बंदीतही टिकतं. हे एकट्या बाईला कसं कळणार?

तसंच जे लोक 2010 च्या भूकंपानंतर आधी ब्राझीलला किंवा चिलीला गेले, तिथे काही वर्षं बांधकामावर, फॅक्टरीत राबले, आणि मग कोलंबिया आणि पनामाच्या मधल्या दारिएनच्या जंगलातून चालत वर आले, त्यांच्या केसमध्ये प्रश्न येतो की तुम्ही तिथे स्थायिक झाला होतात का. तिथे जन्मलेली पोरं त्या देशाची नागरिक असतात, मग त्या पोरांना त्या देशात काय भीती आहे ते वेगळं दाखवावं लागतं. एकाच कुटुंबात आईची केस एक, लेकराची दुसरी.

आणि एक वर्षाची मुदत. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा, नाहीतर दार बंद. हैतीच्या बऱ्याच लोकांनी केला नाही, कारण त्यांच्याकडे टीपीएस होतं, म्हणजे तात्पुरतं संरक्षण, साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्यावर होते, किंवा जानेवारी 2023 पासून सुरू झालेल्या पॅरोलवर, म्हणजे स्पॉन्सर दाखवून तात्पुरतं येऊ देणाऱ्या योजनेवर (तुरुंगातला पॅरोल नव्हे), दोन लाखांच्या वर आले होते. पॅरोलची योजना मार्च 2025 मध्ये बंद झाली, मेच्या शेवटी सुप्रीम कोर्टानं सरकारला ती लगेच संपवू दिली. टीपीएस 3 फेब्रुवारी 2026 ला संपणार होतं, आदल्याच दिवशी वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टानं स्थगिती दिली, वरच्या कोर्टातली लढाई वेगळी, त्यामुळे आजची स्थिती ज्यानं त्यानं त्या त्या दिवशी तपासावी. पण एक नियम लोकांना कोणी सांगतच नाही, की तुमच्याकडे टीपीएस किंवा पॅरोल होतं तेवढा काळ ही असाधारण परिस्थिती धरली जाऊ शकते, आणि ते संपल्यावर वाजवी वेळेत अर्ज केला तर वर्ष उलटलं असूनही तो घेता येतो. वाजवी वेळ म्हणजे किती हे नियमात लिहिलेलं नाही, म्हणून एकेक आठवडा मोलाचा. मी चर्चच्या हॉलमध्ये हे क्रेओलमध्ये मोडकंतोडकं सांगितलं तेव्हा एक आजोबा रडायलाच लागले, त्यांना वाटत होतं आपलं वर्ष केव्हाच गेलं.

आता मंडळात मला जे नेहमी ऐकवलं जातं त्याबद्दल. "आपण लायनीत उभं राहून आलो, ते लोक असेच घुसले". काका, मावशी, मी तुमचा मान ठेवून सांगते, असायलम मागणं ही कायद्यातलीच लाईन आहे. 1980 च्या रेफ्युजी कायद्यात लिहिलंय की अमेरिकेच्या जमिनीवर पोचलेला माणूस, कुठूनही आला असला तरी, अर्ज करू शकतो. आणि पॅरोलवर आलेले तर विमानानं, स्पॉन्सर दाखवून, सरकारच्या परवानगीनं आले होते. सप्टेंबर 2024 मध्ये ओहायोच्या स्प्रिंगफिल्डमधल्या हैतियन लोकांबद्दल कुत्रीमांजरं खातात अशी जी खोटी अफवा उठली ती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पण फिरली, हसण्याच्या इमोजींसकट, मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्या लोकांच्या कागदांची मी ट्रान्सलेशनं करते त्यांच्यात नर्सेस आहेत, शिक्षक आहेत, टेलर आहेत. आपल्या आजीआजोबांना नर्सिंग होममध्ये आंघोळ घालणाऱ्या बायांना एकदा विचारा कुठच्या आहात, मॅसॅच्युसेट्समध्ये तरी उत्तर बऱ्याचदा हैतीच येईल.

हैतियन माणसाला इथे न्याय मिळण्याचा इतिहास पण जरा बघायला हवा. 1970 च्या दशकात मायामीला होड्यांनी आलेल्या चार हजारांवर हैतियन लोकांनी असायलम मागितलं आणि एकालाही मिळालं नाही. एकालाही! 1980 मध्ये फेडरल जज जेम्स लॉरेन्स किंग यांनी ती अख्खी प्रोसेसच बेकायदा ठरवली. हे वकिलांनी कोर्टात नेलं म्हणून बाहेर आलं. 1991 च्या बंडानंतर पळालेल्या लोकांना समुद्रात अडवून ग्वांतानामोला ठेवलं, त्यातल्या ज्यांची भीती खरी असल्याचं सरकारनंच मान्य केलं होतं पण ज्यांना एचआयव्ही होता, त्यांना तारांच्या कुंपणात अडकवून ठेवलं. त्यांच्यासाठी केस कोणी लढवली? येल लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनी, प्रोफेसर हॅरल्ड को आणि मायकल रॅटनर यांच्यासोबत, मार्च 1992 मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात. जून 1993 मध्ये जज स्टर्लिंग जॉन्सन यांनी त्या माणसांना सोडायचा आदेश दिला. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं समुद्रात अडवून परत पाठवण्याच्या मुद्द्यावर आठ विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूनं निकाल दिला. एक जिंकली, एक हरली. पण कुंपणातली माणसं बाहेर आली. ती पोरं काही हैतीची नव्हती, इमिग्रेशनची एक्स्पर्ट नव्हती, परीक्षा तोंडावर असलेली विशीतली पोरं होती.

तर वकील मंडळी, तुम्ही म्हणाल मी पेटंटचं काम करतो, मी एम अँड ए बघते, माझं लायसन्स टेक्सासचं आहे. चालतं. इमिग्रेशन कोर्ट फेडरल आहे, कुठल्याही एका राज्याच्या बारवर असलेला वकील देशातल्या कुठल्याही इमिग्रेशन कोर्टात उभा राहू शकतो, ऑनलाइन रजिस्टर व्हायचं आणि ईओआयआर-28 हा फॉर्म भरायचा. अख्खी केस घ्यायची हिंमत नसेल तर नुसता अर्ज किंवा ब्रीफ लिहून द्यायचीही सोय आहे, ईओआयआर-61 नावाच्या फॉर्मवर, त्यानं पूर्ण केस गळ्यात पडत नाही. आणि एकटं सोडत नाही कोणी, बॉस्टनला पेअर प्रोजेक्ट 1989 पासून हेच करतोय, ट्रेनिंग देतात, अनुभवी वकील मेंटर म्हणून जोडतात, मोठ्या फर्म्समधले कॉर्पोरेट वकील त्यांच्या केसेस जिंकलेत. तुमच्या शहरातही अशी संस्था असते, कोर्टाच्याच वेबसाईटवर फुकट वकिलांची यादी असते तिच्यापासून सुरुवात करा. तुमच्या फर्मला प्रो बोनोचे, म्हणजे फुकट कामाचे, तास हवेच असतात.

जे आयएलएसमधून, जीएलसीमधून एलएलबी करून इकडे आले आणि इथला बार दिला नाही म्हणून घरी बसलेत, विशेषतः माझ्यासारख्या बायका, तुमच्यासाठी एक दार आहे जे फार कमी जणींना माहितीये. न्याय खात्यानं मान्य केलेल्या ना-नफा संस्थेतर्फे वकील नसलेला माणूसही अधिकृत प्रतिनिधी होऊ शकतो, अर्ज भरू शकतो, आणि पूर्ण मान्यता मिळाली तर कोर्टात उभाही राहू शकतो. व्हिलानोव्हा युनिव्हर्सिटीचा यासाठी ऑनलाइन कोर्स आहे. कामाच्या परवानगीचं, व्हिसाचं काय बसतं ते आधी विचारून घ्या, पण विचारा तरी.

फ्रेंचवाल्यांनो, तुमचं तर सोप्पंय. हैतीचे जवळजवळ सगळे सरकारी कागद फ्रेंचमध्ये असतात. जुज द पे म्हणजे शांतता न्यायाधीश घटनेच्या जागी जाऊन कोंस्ता करतो, तो वाचाल तर म्हणाल अरे हा तर आपला पंचनामा, तीच भाषा, आम्ही समक्ष हजर राहून पाहिले की वगैरे. जन्माचा एक्स्त्रे म्हणजे उताराच, रजिस्टर नंबर, पान नंबर, शिक्के. हे नीट इंग्लिशमध्ये टाईप करायचं, खाली लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं आणि अचूक आहे, सही, नाव, पत्ता. कोर्टाला कुठलं लायसन्स लागत नाही, हे वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. फक्त एक, तोंडी बोलायला फ्रेंच चालवून घेऊ नका. फ्रेंच तिथल्या थोड्याच लोकांना सफाईनं येतं, क्रेओल सगळ्यांना, 1987 च्या घटनेनं दोन्ही राजभाषा केल्यात. कोर्ट इंटरप्रिटर देतं, पण यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या असायलम मुलाखतीला सप्टेंबर 2023 पासून आपला आपण आणावा लागतो, आणि घाबरलेली माणसं "फ्रेंच चालेल का" विचारलं की हो म्हणून टाकतात. सांगलीच्या एखाद्या आजींना कोर्टात हिंदी इंटरप्रिटर दिला तर त्या पण हो हो म्हणत राहतील आणि निम्मं चुकीचं लिहिलं जाईल.

आणि डॉक्टर मंडळी, पत्र तुमच्या नावानं नाहीये पण वाचत असाल तर, अंगावरच्या जखमांचे आणि मनावरच्या जखमांचे वैद्यकीय रिपोर्ट केस फिरवतात. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स ही संस्था डॉक्टरांना ते कसं लिहायचं ते शिकवते.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात वकिलांचं एक सेशन याच्यावर ठेवता येईल का, एवढं पदाधिकाऱ्यांना विचारते. एक तास. मी येईन, एक कोरा आय-589 आणि नावं काढून टाकलेला एक कोंस्ता घेऊन येईन, सगळ्यांनी मिळून एकदा भरून बघू.

ताईंची शेवटची सुनावणी आता दोन महिन्यांवर आलीये. वकील आहे, तारीख दुरुस्त झालीये, नवऱ्याच्या पक्षाच्या कामाबद्दल गावातल्या पाद्र्यांचं पत्र आलंय, हातानं लिहिलेलं, फ्रेंच आणि क्रेओल मिसळून, सहा पानं, अक्षर फार बारीक. मी चौथ्या पानावर आहे. आमच्या क्लिनिकच्या कपाटात अशाच अजून अकरा फाईल आहेत ज्यांना अजून कोणी उघडलेलं नाही, त्यातल्या दोघांच्या तारखा ताईंच्या आधी आहेत.

तुमची,
नाशिकची, सध्या मॅसॅच्युसेट्समध्ये कागद ट्रान्सलेट करणारी एक मैत्रीण